चार चाकं, दोन ब्रेक

प्रश्न साधा होता : मांडणी चाकांची घ्यायची की बिनचाकांची.
गोरव्याच्या शेडमध्ये आम्ही चौघं, भाडं चार भागांत,
आणि सामान भिंतीला टेकून एकमेकांच्या अंगावर रेललेलं,
लग्नघरातल्या दुपारच्या पाहुण्यांसारखं.

पांचाळ म्हणाला, लेथला सकाळचा उजेड लागतो,
खिडकीसमोर काही कायमचं उभं राहता कामा नये.
इरावती ब्राँझ ओतते. महिन्यातून एकदा
तिची एखादी म्हैस दारातून बाहेर पडते
आणि अख्ख्या शेडला पोट आत ओढून उभं राहावं लागतं.
नफीसा शिलाई मशिनं दुरुस्त करते. ती म्हणाली,
कुठंही ठेवा, माझे स्क्रू मला दिसले म्हणजे झालं.

मी काही बोललो नाही.
माझं सामान सगळ्यात मागे असतं
आणि सगळ्यात कमी हलतं.

पाणीगेटला ताहेरभाईंनी आधी चहा मागवला,
मग विचारलं, “वजन केटलुं?”
आम्ही चौघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
पाव किलो चिवडा हातावर तोलून सांगू शकतो आम्ही,
रोज उचलतो ते लोखंड नाही.

म्हणून भंगारवाल्याला बोलावलं, त्याच्या काट्यासकट.
तो बिचारा आशेनं आला.
पांचाळचे चक आणि फेसप्लेटी : दोनशे दहा.
इरावतीचं मेण, वाळू, साचे : एकशे साठ.
नफीसाचे अडतीस, स्क्रू धरून.
माझे चारशे बारा.

भंगारवाल्यानं आकडा दोनदा वाचला, मोठ्यानं.
बाकीचे तिघं छताचा पत्रा बघत होते.

पंपाच्या कारखान्याचे पॅटर्न आहेत ते. बिडाचे बरेच,
थोडे सागवानी. कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली.
त्या पंपांचं पाणी कुठंतरी अजून चढत असेल.
मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी हे सांगितलं.

ताहेरभाईंचा हिशेब असा :
एक चाक तीनशे किलो घेतं,
पण चार चाकांचे बाराशे धरायचे नाहीत.
फरशी कुठलीच सपाट नसते, काका,
एक चाक कायम थोडं अधांतरी असतं.
तीनच धरा. नऊशे.

आमचे आठशे वीस, मांडणीचे स्वतःचे सत्तर.
उरले दहा. त्यात किटली, पेले
आणि नफीसाच्या मुलाची शाळेची बॅग.

आणि जड ते खाली. हा नियम
ताहेरभाईंनी सांगायची गरज नव्हती.
म्हणजे हाताशी येणारा खालचा खण
माझ्या अकरा वर्षं न हललेल्या मालाला,
आणि पांचाळनं रोज टाचा उंचावायच्या.
मी म्हटलं, देऊन टाकतो भंगारात.
मनापासून म्हटलं का, ठाऊक नाही.
इरावती मापं लिहीत होती, मान वर न करता म्हणाली,
तळाला वजन नसेल तर वळणावर कलंडेल सगळं.
राहू द्या.
हे ती माझ्यासाठी बोलली की मांडणीसाठी,
तेही मी विचारलं नाही.

ब्रेक दोनच चाकांना घेतले. चारांचे पैसे वाचवले.

तिसऱ्या सकाळी कुलूप काढलं
तर मांडणी वीतभर दाराकडे आलेली.
आठ वर्षं भाडं भरतोय आम्ही,
फरशीला उतार आहे हे तेव्हा कळलं.

पांचाळनं इकडेतिकडे पाहिलं, वाकला,
माझ्या खणातून एक सागवानी तुकडा ओढला
आणि चाकाखाली ठोकला. घट्ट बसला.
बसणारच. वाळूतून अलगद निघावा म्हणून
सात अंशांचा उतार दिलेला आहे त्याला,
चोविसाव्या वर्षी, माझ्या हातानं.

म्हैस बाहेर न्यायची असते तेव्हा कोणीतरी तो काढतं,
लेथवर ठेवतं, आणि परत लावताना
हमखास उलटा लावतं.
मी जाताना सरळ करतो.